टेलिफोनच्या तारेचे सोंग

पोलिसाचा गणवेश चढवून दारात उभा राहणारा आणि घरधन्याला खोटाच दम भरणारा बहुरूपी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सोंग असे बेमालूम की नवखा माणूस क्षणभर दचकतोच. आज अशाच एका बहुरूप्याची ओळख करून घ्यायची आहे. मात्र हा बहुरूपी माणूस नव्हे. पुस्तकांच्या चळतीएवढी ती एक पेटी असते. ती सोंग घेते टेलिफोनच्या तारेचे, आणि त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या सबंध एक्स्चेंजचे. तंत्रज्ञ मंडळी तिला टेलिफोन लाइन सिम्युलेटर म्हणतात. आपण सोयीसाठी तिला नकली लाइन म्हणू. या पेटीला कोणते सोंग घ्यायचे ते कसे सांगतात, म्हणजे टर्मिनल जोडून तिची मांडणी कशी करतात, हा आजचा विषय.

नकली लाइन हवीच कशाला, असे कोणी विचारील. शेतकऱ्याला याचे उत्तर सांगावे लागू नये. नवे बियाणे आणले म्हणजे आपण ते एकदम सगळे रानात टाकत नाही. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, चार-सहा दिवसांनी उघडतो, आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजतो. गोणपाट म्हणजे काही शेत नव्हे. पण ओल आणि ऊब या शेतातल्या दोन गोष्टी ते पुरवते, आणि तेवढ्यावर निदान होते. टेलिफोनचे तसेच. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मदत मागता यावी म्हणून बसवलेला फोन, चोरी झाली की आपण होऊन नंबर फिरवणारे यंत्र, दवाखान्यातला फॅक्स, ही सगळी उपकरणे लाइनवर नीट चालतात की नाही ते आधी तपासावे लागते. खऱ्या लाइनवर तपासू म्हटले तर ती आपल्या हुकमातली नसते. आज आवाज स्वच्छ, उद्या पाऊस पडला की खरखर. शिवाय दहा किलोमीटर लांबीची तार कार्यशाळेत आणायची कुठून? आणि यंत्र अमेरिकेत विकायचे असले, तर अमेरिकेतले एक्स्चेंज कुठून आणायचे? म्हणून ही पेटी.

सोंग समजून घ्यायचे तर आधी अस्सल माणूस ठाऊक हवा. तेव्हा खरी टेलिफोन लाइन काय काय करते ते पाहू.

आपल्या फोनपासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारा गेलेल्या असतात. एक्स्चेंजमध्ये मोठी बॅटरी असते, तिचा दाब साधारण ४८ व्होल्ट. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, म्हणून लाइनवरचा दाब उणे ४८ व्होल्ट असे म्हणतात. हे उलटे का? तर ओलसर जमिनीत पुरलेली तार धन बाजूला असली तर तिचे तांबे झिजत जाते. ऋण बाजूला ठेवली तर वाचते. जुन्या तारयंत्रवाल्यांनी अनुभवाने काढलेली ही तोड आजही चालू आहे.

फोन खाली ठेवलेला असतो तेव्हा दोन तारांमधली वाट तुटलेली असते, प्रवाह वाहत नाही. फोन उचलला की वाट जुळते आणि प्रवाह सुरू होतो. एक्स्चेंजला एवढ्यावरून कळते, की कोणीतरी बोलू इच्छितो. मग ते डायल टोन, म्हणजे तो सलग घुमणारा आवाज, पाठवते. बघा, अजून एक अक्षरही बोललेले नाही, आणि दोन्ही टोकांमध्ये केवढा संवाद झाला!

आता शिक्षक मंडळींनी फळ्यावर घ्यावा असा एक हिशेब. अर्धा मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार घेतली, तर एक किलोमीटर अंतराच्या जोडीचा, म्हणजे जाण्याच्या आणि येण्याच्या तारेचा मिळून, रोध सुमारे १७५ ओहम भरतो. एक्स्चेंजमधल्या जोडणीचा रोध ४०० ओहम धरा आणि फोनचा २०० ओहम धरा. फोन एक्स्चेंजच्या शेजारीच असेल तर एकूण रोध ६०० ओहम. ४८ ला ६०० ने भागले म्हणजे ०.०८ अँपिअर, अर्थात ८० मिलिअँपिअर प्रवाह. तोच फोन ५ किलोमीटरवर नेला तर तारेचे ८७५ ओहम वाढले, एकूण १४७५ झाले, आणि प्रवाह ३२ मिलिअँपिअरच्या आसपास आला. १० किलोमीटरवर तो जेमतेम २० उरतो. याहून खाली गेला तर फोन उचलला आहे हेच एक्स्चेंजला नीट उमगत नाही. तेव्हा 'गाव एक्स्चेंजपासून किती लांब' या प्रश्नाचे विजेच्या भाषेतले उत्तर मिलिअँपिअरमध्ये मिळते. आणि नकली लाइनला गाव लांब न्यायला सांगायचे म्हणजे काय करायचे? तिला प्रवाह कमी करायला सांगायचे. एवढेच!

अर्थात एवढ्यावर भागत नाही. पाटाने पाणी सोडले तर शेवटच्या शेताला पुरते पाणी मिळत नाही; वाटेत मुरते. तसाच आवाजही तारेत मुरतो. हे मुरणे डेसिबेल या मापाने मोजतात. ३ डेसिबेल मुरले म्हणजे शक्ती निम्मी झाली. १० मुरले म्हणजे दहावा हिस्सा उरला. २० मुरले म्हणजे शंभरावा. त्यातही भेदभाव असा, की जाड्या स्वरांपेक्षा बारीक स्वर जास्त मुरतात, कारण जवळजवळ असलेल्या दोन तारा विजेचा थोडा साठा आपल्यात ओढून घेतात आणि वेगाने कंप पावणाऱ्या स्वरांना त्याचा जाच अधिक होतो. टेलिफोनवर मुळातच सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा तेवढा पाठवतात. 'स'चा सीत्कार बराचसा या पट्ट्याच्या वर असतो. म्हणून फोनवर 'साठ' म्हटले की पलीकडच्याला 'आठ' ऐकू येते, आणि बाजारभाव सांगताना दोन-दोनदा ओरडावे लागते. दोष कानाचा नव्हे, बरं का, पट्ट्याचा.

आता घंटी. फोन वाजवण्यासाठी एक्स्चेंज लाइनवर उलटसुलट वाहणारी वीज सोडते. भारतात ती साधारण ७५ व्होल्ट आणि सेकंदाला २५ आवर्तने अशी. अमेरिकेत साधारण ९० व्होल्ट आणि २० आवर्तने. घंटीची लयही देशोदेशी निराळी. आपल्याकडे ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद शांतता, पुन्हा ०.४ आवाज, मग २ सेकंद शांतता. हेच ते ओळखीचे 'ट्रिंग-ट्रिंग'. ब्रिटनचीही लय हीच. अमेरिकेत मात्र २ सेकंद लांब घंटी आणि ४ सेकंद शांतता. डायल टोनही तसेच: आपला ४०० कंपनांचा, त्यावर २५ कंपनांची लहर चढवलेला, अमेरिकेचा ३५० आणि ४४० अशा दोन स्वरांचा. माणसाला हा फरक फारसा अडत नाही. पण स्वतःहून नंबर फिरवणारे यंत्र डायल टोनची वाट पाहत बसते. ओळखीचा स्वर आला नाही तर ते नंबर फिरवतच नाही.

नंबर फिरवण्याचे दोन प्रकार आपण पाहिलेले आहेत. जुन्या तबकडीच्या फोनमध्ये ५ फिरवले की प्रवाह पाच वेळा तुटायचा, ० फिरवले की दहा वेळा. सेकंदाला दहा ठोके. बटणाच्या फोनमध्ये प्रत्येक बटणाला दोन स्वर दिलेले असतात, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. ५ दाबले की ७७० आणि १३३६ कंपनांचे स्वर एकदम वाजतात. एकच स्वर ठेवला असता तर माणसाच्या बोलण्यातल्या किंवा शिट्टीच्या स्वराने यंत्राची फसगत झाली असती. दोन स्वर नेमके एकाच वेळी जुळून येणे कठीण. नकली लाइनला हे दोन्ही प्रकार ओळखता यावे लागतात.

अशी नकली लाइन ही काही कालपरवाची कल्पना नाही. एकाच तारेवरून एकाच वेळी दोन्ही बाजूंनी तारा पाठवण्याची युक्ती अमेरिकेत स्टर्न्स याने १८७२ च्या सुमारास यशस्वी केली, ती कृत्रिम लाइनच्याच बळावर. रोध आणि विजेचा साठा करणारे कंडेन्सर जोडून त्याने खऱ्या तारेची जुळी बहीण तारघरात तयार केली आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवावी तशी वापरली. पुढे १८९९ मध्ये जॉर्ज कॅम्पबेल या अभियंत्याने टेलिफोनचा आवाज कमी मुरावा म्हणून ठरावीक अंतरावर वेटोळी बसवण्याची कल्पना आधी कृत्रिम लाइनवर तपासली; दुसऱ्याच वर्षी ती वेटोळी बॉस्टन शहरातल्या खऱ्या केबलला बसली. आणि १९१७ मध्ये केनेली या प्राध्यापकाने तर कृत्रिम लाइनी या विषयावर सबंध ग्रंथ लिहिला. आधी गोणपाटात, मग रानात, हा क्रम त्यांनीही पाळला तो असा.

त्या काळच्या नकली लाइनीला खटके आणि फिरवायच्या कळा असत. आजच्या पेटीत लहानसा संगणक बसवलेला असतो. तिच्या पुढच्या अंगाला टेलिफोन जोडायची दोन-चार छिद्रे आणि मागच्या अंगाला एक नऊ खिळ्यांचे सॉकेट, किंवा हल्ली युएसबीचे सॉकेट. या मागच्या सॉकेटातून तिला हुकूम सोडायचे. कळा फिरवण्यापेक्षा हे बरे का, तर तीन कारणांनी. पहिले, लिहिलेला हुकूम पुन्हा जसाच्या तसा देता येतो. कळ पुन्हा त्याच जागी येईल याची खात्री नाही. दुसरे, रात्रभरात हजार वेळा घंटी वाजवून पाहायची असेल तर संगणक ती झोप न येता वाजवतो. तिसरे, काय सांगितले आणि काय उत्तर आले याची लेखी नोंद राहते.

टर्मिनल हा शब्द ऐकून बिचकू नये. टर्मिनल म्हणजे शेवटचे टोक, जिथे माणूस बसतो ते. सुरुवातीला ते तारयंत्राच्या जातीचे, कागदावर अक्षरे उठवणारे टंकयंत्र होते. १९६० मध्ये अमेरिकेत त्याच्या जोडणीचा आरएस-२३२ हा नियम ठरला. १९६३ मध्ये अक्षरांना क्रमांक देणारी अ‍ॅस्की ही यादी ठरली. १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचे पडद्याचे टर्मिनल निघाले आणि फार गाजले. आज असे वेगळे यंत्र कोणी घेत नाही. साध्या संगणकावर पुटी, टेरा टर्म किंवा मिनीकॉम यांपैकी एखादा कार्यक्रम चालवला की तो संगणक त्या जुन्या टर्मिनलचे रूप घेतो. म्हणजे इकडे संगणक टर्मिनलचे सोंग घेऊन बसला आहे आणि तिकडे पेटी एक्स्चेंजचे. दोन बहुरूप्यांची गाठ पडली म्हणा ना!

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम केबल. नऊ खिळ्यांपैकी तीन महत्त्वाचे: २, ३ आणि ५. एकावरून बोलायचे, एकावरून ऐकायचे, आणि ५ क्रमांकाची तार दोघांची सामाईक जमीन. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी जुळले पाहिजे. काही पेट्यांना सरळ केबल लागते, काहींना २ आणि ३ अदलाबदल केलेली. चुकीची लावली तर तोंडाशी तोंड आणि कानाशी कान येतो, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. नव्या संगणकाला हे नऊ खिळ्यांचे सॉकेट बहुधा नसते; तेव्हा युएसबीला लावायचा छोटा जोड बाजारात मिळतो तो घ्यावा.

दुसरी गोष्ट, बोलण्याचा वेग. पुष्कळ पेट्यांचा वेग ९६०० बॉड असतो. बॉड हे नाव बोदो या फ्रेंच तारयंत्र-अभियंत्यावरून पडले. अक्षर पाठवताना आधी 'आलो' सांगणारा एक ठोका, मग अक्षराचे आठ, शेवटी 'झाले' सांगणारा एक, असे दहा ठोके होतात. म्हणून ९६०० ला दहाने भागावे. सेकंदाला ९६० अक्षरे. इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५. तो शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिला की ०१०००००१ होतो. हेच आठ ठोके तारेवरून जातात. वेग, अक्षराचे ठोके आठ की सात, तपासणीचा जादा ठोका आहे की नाही, आणि शेवटचे ठोके किती, या चार गोष्टी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या ठेवाव्या. पेटीच्या माहितीपुस्तकात त्या छापलेल्या असतात.

जोडणी झाली की एंटर दाबावे. पेटी जागी असेल तर एक लहानसे चिन्ह दाखवून 'बोला' असे सुचवते. नाही दाखवले तर घाबरायचे कारण नाही. वैद्य नाडी पाहतो तसे लक्षणावरून निदान करावे. पडद्यावर काहीच नाही, तर केबल उलटी आहे किंवा संगणकावर चुकीचे सॉकेट निवडले आहे. उत्तर येते पण ते वेडीवाकडी चिन्हे असलेले, तर वेग जुळलेला नाही. एक अक्षर दाबले की दोन उमटतात, तर संगणकही ते दाखवतो आहे आणि पेटीही परत पाठवते आहे. संगणकाचे दाखवणे बंद करावे. ओळी एकावर एक चढतात किंवा जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातात, तर ओळ संपल्याची खूण दोघांची वेगळी आहे. आणि उत्तर मध्येच थांबून राहिले, तर चुकून कंट्रोल आणि एस दाबले गेले असेल. त्याचा अर्थ 'थांब' होतो. कंट्रोल आणि क्यू दाबले की गाडी पुन्हा चालू लागते. शाळेतल्या मुलांना ही पाच लक्षणे पाठ करायला लावली तर निम्मे दुरुस्तीवाले तिथेच तयार होतील.

पेटी बोलू लागली की लगेच हुकूम सोडायला धावू नये. आधी तिला विचारावे, की सध्या तुझी मांडणी काय आहे. जे उत्तर येईल ते जपून उतरवून ठेवावे. दुसऱ्याच्या घरात सामान हलवण्याआधी ते कुठे होते हे पाहून ठेवतो तशी ही रीत. हुकमांचे शब्द प्रत्येक कारखान्याचे निराळे असतात. बहुतेक पेट्या प्रश्नचिन्ह किंवा मदतीचा शब्द लिहिला की आपली हुकमांची यादी स्वतःच दाखवतात.

मग एकेक गोष्ट ठरवत जावे. आधी देश. देश निवडला की घंटीची लय, डायल टोन, गुंतलेल्या लाइनचा आवाज असे पुष्कळ आपोआप बसते. नंतर लाइनचा दाब आणि प्रवाह. मघाचा हिशेब इथे कामी येतो: गाव ५ किलोमीटरवर समजायचे तर प्रवाह ३२ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवा. मग आवाजाचे मुरणे किती डेसिबेल, खरखर किती, प्रतिध्वनी किती उशिराने. उपग्रहामार्गे बोलणे झाले तर आवाजाला सुमारे ३६,००० किलोमीटर वर आणि तितकेच खाली यावे लागते. म्हणजे एका बाजूने पाव सेकंद, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला अर्धा सेकंद. एवढा उशीरही या पेटीकडून मागून घेता येतो. शेवटी पेटीतल्या दोन छिद्रांना दोन नंबर द्यावे, म्हणजे एका फोनवरून दुसरा वाजवता येईल.

यातला मुख्य नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खत, पाणी आणि बियाणे तिन्ही एकदम बदलले तर पीक कशाने वाढले ते कळत नाही. इथेही तसेच. प्रवाह बदलला, यंत्र तपासले, नोंद केली; मग खरखर वाढवली, पुन्हा तपासले. आणि पेटीने 'ठीक' म्हटले म्हणून विश्वासून बसू नये. दाब मोजायचे मीटर लावून ४८ व्होल्ट सांगितले तर खरेच तितके येतात का ते पाहावे.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना चकवते. पेटीला दोन प्रकारची स्मरणशक्ती असते. एक पाटीसारखी, वीज गेली की पुसली जाणारी. दुसरी वहीसारखी, टिकणारी. आपण दिलेले हुकूम बहुधा आधी पाटीवर लिहिले जातात. ते वहीत उतरवण्याचा वेगळा हुकूम द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला आणि वीज गेली, तर दिवसभराची मांडणी फुकट. म्हणून सगळे हुकूम संगणकावर एका साध्या मजकुराच्या कागदात लिहून ठेवावे आणि लागेल तेव्हा तो कागदच पेटीकडे पाठवावा. मात्र भडाभडा पाठवू नये. प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबण्याची सोय टर्मिनलच्या कार्यक्रमात असते ती वापरावी. अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल ओतताना धार बारीक ठेवतो, तसे.

आता कोणी म्हणेल, हा सगळा खटाटोप कशाला? मोबाइल आल्यापासून तांब्याची लाइन वापरतो कोण? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ब्रिटनमधल्या एका प्रकरणात आहे. तिथे एकटी राहणारी लाखो वृद्ध आणि आजारी माणसे गळ्यात एक कळ बाळगतात. पडलो, छातीत दुखले, की ती कळ दाबायची; घरातले यंत्र टेलिफोनच्या लाइनीवरून मदत-केंद्राला फोन लावते आणि सांकेतिक स्वरांत 'कोण, कुठे' ते कळवते. ब्रिटनने जुनी तांब्याची टेलिफोन व्यवस्था बंद करून सगळे बोलणे इंटरनेटच्या मार्गाने न्यायचे ठरवले. मुदत होती डिसेंबर २०२५ ची. पण नव्या मार्गावर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाठवतात. एखादा तुकडा वाटेत हरवला तर माणसाचे बोलणे समजते, यंत्राचा स्वर मात्र मोडतो. दुसरे असे, की तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधून मिळे. घरचे दिवे गेले तरी फोन चाले. नव्या पेटीला घरचीच वीज लागते. दिवे गेले की फोनही गेला. गंभीर घटना घडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने टेलिफोन कंपन्यांकडून लेखी कबुली घेतली, की अशा माणसांचे यंत्र नव्या लाइनीवर चालते याची खात्री झाल्याशिवाय त्यांना सक्तीने हलवायचे नाही. पुढे २०२४ मध्ये सगळी मुदतच जानेवारी २०२७ पर्यंत लांबवण्यात आली.

अशा यंत्राची खात्री करायची ती नकली लाइनीवर. लाइनीत थोडी खरखर घालून पाहा, यंत्र निरोप पुन्हा पाठवते का? प्रतिध्वनी वाढवून पाहा, स्वर ओळखले जातात का? आणि शेवटी लाइनीचा दाब एकदम शून्य करून पाहा: लाइन मेली आहे हे त्या यंत्राच्या लक्षात येते का, आणि ते ओरडून सांगते का? टर्मिनलवर लिहिलेल्या या एका ओळीवर, पुढे कुठल्या तरी घरात रात्री पडलेल्या म्हाताऱ्या बाईला मदत मिळणार की नाही, हे ठरत असते.

आपल्याकडेही याचा संबंध येतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ मध्ये पहिली एक्स्चेंजे सुरू झाली. खेड्यांचा खरा ओघ त्यानंतर शंभर वर्षांनी आला. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. तिने वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारे लहान ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, आणि १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूर येथे त्यातले पहिले बसले. आता घरोघरी आणि ग्रामपंचायतीत काचतंतूची, म्हणजे फायबरची, पेटी येते. अशा पुष्कळ पेट्यांना फोन जोडायचे एक छिद्र असते. त्या छिद्रातून येणारा दाब, डायल टोन, घंटी हे सारे त्या पेटीनेच घडवलेले असते. तांब्याची तार एक्स्चेंजपर्यंत जातच नाही. म्हणजे आपल्या भिंतीवर नकली लाइनच टांगलेली आहे! तिची मांडणी कंपनी दुरून करते, एवढाच फरक. तेव्हा दवाखान्यात किंवा दूधसंघात धोक्याची सूचना देणारे यंत्र अशा छिद्राला जोडलेले असेल, तर दिवे गेल्यावर ते चालते की नाही, हे एकदा मुद्दाम वीज बंद करून पाहून घ्यावे. भारनियमन सोसलेल्या माणसाला याचे महत्त्व सांगायला नको.

शिक्षकांसाठी शेवटी एक प्रयोग. मोडीत निघालेले दोन साधे तारेचे फोन मिळवा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडा, त्यांच्यापुढे ३०० ओहमचा रोध, मग पहिला फोन, मग दुसरा फोन, आणि परत बॅटरी, असे एकच वर्तुळ पुरे करा. दोन्ही फोन उचलले की प्रवाह वाहू लागतो आणि दोन मुले दोन खोल्यांतून बोलू शकतात. घंटी वाजणार नाही, कारण तिला मोठा दाब लागतो. पण बोलणे होईल. आता ३०० च्या जागी आणखी मोठा रोध घाला आणि आवाज कसा क्षीण होत जातो ते मुलांना ऐकू द्या. गाव लांब चालले, हे त्यांना कानाने समजेल. रोधांना 'पाच किलोमीटर', 'दहा किलोमीटर' अशा चिठ्ठ्या लावल्या तर आणखी मजा.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवावे. विकतच्या नकली लाइनीत घंटीचा दाब खराखुरा ७५ ते ९० व्होल्टचा असतो, आणि तो चांगला झटका देतो. घंटी वाजत असताना उघड्या तारेला हात लावू नये. आणि नकली लाइनीचे छिद्र खऱ्या टेलिफोन लाइनीला कधीही जोडू नये. दोन्ही बाजूंनी वीज आली तर पेटीही बिघडेल आणि एक्स्चेंजलाही इजा पोहोचेल. शाळेच्या प्रयोगात बॅटऱ्यांचे १८ व्होल्टच असल्यामुळे ही भीती नाही. पण तेथेही मुलांनी वर्तुळ खऱ्या लाइनीच्या सॉकेटपासून दूरच मांडावे.